आधी क्लाइव्ह, मग निको

आमचा ड्रमर नोकरीसाठी जर्मनीला गेला. त्याच्या जागी जो मुलगा आला तो माझ्यापेक्षा बराच लहान. हात स्वच्छ, वेग जबरदस्त, आणि डबल पेडल (दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवायचं साधन) असं चालवायचा की जॅमरूममधले बाकीचे आवाज त्याखाली गाडले जायचे. तरी सुरुवातीचे रविवार काही जमेना. गाणं सुरू व्हायचं, संपायचं, कुणाची चूक दाखवता यायची नाही, आणि पाचही जणांना कळायचं की बसत नाहीये.

मी बेस गिटार वाजवते. ड्रमर बदलला की पहिला हादरा बेसवाल्याला बसतो. गिटारवाले आपापल्या रिफमध्ये असतात, गायक शब्दांवर स्वार असतो. माझी बोटं मात्र ड्रमरच्या उजव्या पायाशी, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याशी बांधलेली. जुना ड्रमर स्नेअरचा (कडकडीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) ठोका किंचित मागे ठेवायचा आणि इतक्या वर्षांत मी त्या मागे राहण्यावर रेलून वाजवायला लागले होते. नवा मुलगा ठोक्याच्या अगदी टोकावर वाजवायचा. रेलायला काही उरलंच नाही.

तेव्हा मी त्याला म्हटलं, बाकीच्यांना थोडे दिवस सुट्टी देऊ. आपण दोघंच भेटू आणि आयर्न मेडन, तो ब्रिटिश हेवी मेटल बँड, पहिल्या अल्बमपासून ओळीने वाजवू.

मेडनच का, याला माझ्याकडे ठोस कारण होतं. हा बँड स्टीव्ह हॅरिसने 1975च्या नाताळात पूर्व लंडनच्या लेटन भागात सुरू केला आणि आजही तोच बेस वाजवतो. त्याच्याभोवती गायक बदलले, गिटारवाले बदलले, ड्रमर बदलले. बेस तोच असल्यामुळे दुसरा माणूस बदलला की नेमकं काय बदलतं, ते त्यांच्या रेकॉर्डवर उघड ऐकू येतं. शिवाय हॅरिसला मुळात ड्रम वाजवायचे होते. घरात ड्रमसेट ठेवायला जागा नव्हती म्हणून तो बेसकडे वळला. ही गोष्ट मला कॉलेजात असताना कळली आणि त्याच्या वाजवण्याचं कोडंच सुटलं. पिक (तार छेडायची चकती) न वापरता, नुसत्या बोटांनी, सपाट तारांवर तो जे करतो ते अर्धं ड्रमिंगच आहे. एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड, अशी ती घोडदौड. उजव्या हाताची दोन बोटं सहा-सात मिनिटं त्या चालीत ठेवून बघा, मनगटाला काय होतं ते कळेल.

नव्या ड्रमरने मेडन लहानपणी मोठ्या भावाच्या खोलीतून ऐकलेलं होतं, वाजवलेलं कधीच नव्हतं. त्याच्या पिढीला ते जुनं वाटतं. "ताई, हे तसं सोपं आहे ना?" असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. मी काही बोलले नाही, 1980चा पहिला अल्बम लावला.

त्या अल्बमपर्यंत पोचायला मेडनला चार वर्षं लागली होती, आणि त्या चार वर्षांत किती माणसं आली-गेली हे नीट पाहिलं तर कुठल्याही होतकरू बँडला धीर येईल. हॅरिस आधी स्माइलर नावाच्या बँडमध्ये होता. तिथे त्याची गाणी फार गुंतागुंतीची वाटली, म्हणून त्याने स्वतःचा बँड काढला. पहिला गायक पॉल डे, मग डेनिस विलकॉक. डेव्ह मरे 1976च्या अखेरीस गिटारवर आला, विलकॉकशी बिनसलं म्हणून 1977 मध्ये बाहेर गेला, एड्रियन स्मिथच्या अर्चिन या बँडमध्ये वाजवून परत आला आणि मग कायमचा राहिला. ड्रमर तर किती! डग सॅम्पसन असताना, 1978 संपता संपता त्यांनी केंब्रिजच्या स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली. तोवर गायक म्हणून पॉल डिआनो आला होता. ती टेप नील के नावाच्या डीजेने लंडनच्या किंग्जबरी भागातल्या आपल्या हेवी मेटल क्लबमध्ये वाजवायला सुरुवात केली, लोक मागायला लागले, आणि 1979 मध्ये त्यातली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' नावाने पाच हजार प्रतींत निघाली. ती टेप मॅनेजर रॉड स्मॉलवुडपर्यंत पोचली. वर्षअखेर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. आणि नेमक्या त्याच वेळी सॅम्पसनची तब्येत दौऱ्यांनी ढासळली, तो बँड सोडून गेला, आणि क्लाइव्ह बर आला.

करार हातात, अल्बम तोंडावर, आणि ड्रमर नवा. आमच्या परिस्थितीत मला हा तपशील फार जवळचा वाटला.

क्लाइव्ह बरसोबत वाजवणं, म्हणजे त्याच्या वाजवण्याची नक्कल करणाऱ्या आमच्या मुलासोबत वाजवणं, यात मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. पहिल्या अल्बमवरचं 'फँटम ऑफ द ऑपेरा' सात मिनिटांचं आहे आणि दर थोड्या वेळाने चाल बदलतं. बर तिथे जागा भरून काढत नाही. स्नेअरवर एक चपळ फटकारा मारून पुढे सरकतो, आणि मधे जी हवा राहते त्यात बेस ऐकू येतो. आमच्या मुलाने पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ती सगळी हवा दोन्ही पायांनी भरून टाकली. मी त्याला एक पेडल काढून ठेवायला सांगितलं. तो नाराज झाला, पण त्याने काढलं. मग त्याला कळायला लागलं की इथे वेगापेक्षा थांबणं अवघड आहे. 1981च्या 'किलर्स'वर 'रॅथचाइल्ड' आहे, बेसच्या एका उसळीने सुरू होतं, तीन मिनिटांत संपतं. ते आम्ही इतक्या वेळा वाजवलं की शेजारच्या खोलीतली मुलं आमच्या आधी सुरुवात गुणगुणायची.

'किलर्स' वाजवताना दोन बदल आपोआप समोर आले. पहिल्या अल्बमनंतर गिटारवाला डेनिस स्ट्रॅटन गेला; मॅनेजमेंटच्या आणि त्याच्या आवडीनिवडी जुळत नव्हत्या. त्याच्या जागी एड्रियन स्मिथ आला. स्मिथला आधीही विचारलं होतं, पण त्याचा स्वतःचा अर्चिन तेव्हा चालू होता म्हणून त्याने नाही म्हटलं होतं. अर्चिन मोडल्यावर तो आला. मरेचा सूर गोल, वाहता. स्मिथचा प्रत्येक सोलो आधी मनात रचल्यासारखा. दोन गिटारी एकत्र सुरात चालायला लागल्या की खाली बेसला वाट मोकळी होते, कारण चाल पुढे रेटायचं काम तेव्हा बेसवरच येतं. मेडनमध्ये बेस इतका वर का ऐकू येतो, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे. निर्माता मार्टिन बर्चने 'किलर्स'पासून 1992 पर्यंत त्यांचे अल्बम घडवले आणि बेसची ती कडकड त्याने कधी झाकली नाही.

मग डिआनोचं जाणं. त्याचा आवाज रस्त्यावरचा, खरखरीत, पंकच्या जवळचा. पहिल्या दोन अल्बमना तोच आवाज हवा, यावर मी ठाम आहे. पण दौरे वाढत गेले, ड्रग्जने आणि धावपळीने त्याचा आवाज आणि तब्येत टिकेना, आणि 1981 मध्ये त्याला जावं लागलं. त्या वर्षीच्या रेडिंग फेस्टिव्हलमध्ये सॅम्सन या बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याला विचारणा झाली. ऑक्टोबर 1981 मध्ये इटलीत बोलोन्याला तो पहिल्यांदा मेडनसोबत उभा राहिला. पुढच्या मार्चमध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट' आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला. सॅम्सनसोबतच्या कराराच्या भानगडीमुळे त्या अल्बमवर गीतकार म्हणून डिकिन्सनचं नाव लागू शकलं नाही.

सगळे या जागी गायकाबद्दल बोलतात. मेडन मोठा झाला तो डिकिन्सनमुळे, हे मलाही मान्य आहे. त्याच्या आवाजाने हॅरिसच्या लांबलचक रचनांना छप्पर मिळालं. पण त्याच अल्बमवरचं 'रन टू द हिल्स' ड्रम्सने उघडतं. आमचा मुलगा ते वाजवायला बसला आणि मधेच थांबून म्हणाला, "हा माणूस याच्यानंतर गेला? का?" मी सांगितलं, 1982च्या अखेरीस. त्या वर्षभराच्या दौऱ्यात बरच्या वडिलांचं निधन झालं होतं, शेड्यूल थांबत नव्हतं, आणि जाण्याची कारणं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली गेली. तो गेला फ्रान्सच्या ट्रस्ट या बँडमध्ये, आणि ट्रस्टचा ड्रमर निको मॅकब्रेन मेडनमध्ये आला. सरळ अदलाबदल.

बरला पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. मेडनने त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. 2013 मध्ये तो वारला. हे ऐकलं त्या रात्री आमच्या मुलाने त्याचे जुने लाइव्ह व्हिडिओ शोधून काढले, मला दुवे पाठवत राहिला, आणि पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याचा स्नेअर वेगळा वाजत होता. हलका. मी सांगून जे होत नव्हतं ते त्या माणसाकडे पाहून झालं.

'पीस ऑफ माइंड', 1983. इथे आम्ही सगळ्यात जास्त अडकलो आणि सगळ्यात जास्त शिकलो.

अल्बम सुरू होतो तोच निकोच्या एका जोरकस ड्रम फिलने, म्हणजे एकट्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्याने. नवा माणूस आला, तर दार त्यालाच उघडू दिलं; हॅरिसचा हा निर्णय मला फार मोठ्या मनाचा वाटतो. 'व्हेअर ईगल्स डेअर' हे ते गाणं. त्यातला बेस ड्रमचा ठेका धावता आहे आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन पाय असणार. निको तो एका पायाने वाजवतो. एखादा अपवाद सोडला तर आयुष्यभर त्याने एकच पेडल वापरलं. आमच्या मुलाला हे मी सांगितलं तर विश्वास बसेना; व्हिडिओत पाय दिसल्यावर बसला. पोटरी भरून यायची तरी तो सोडायचा नाही. मी माझ्या बाजूने त्याचा पाय ऐकत राहायची, आणि इथे मला बर आणि निको यांच्यातला फरक बोटांनी कळला. बरसोबत बेस आणि ड्रम एकमेकांच्या जागा सोडत चालतात. निकोसोबत दोघं एकाच वाटेने खांद्याला खांदा लावून धावतात, आणि निको वरून झांजांवर इतकं बारीक काम करतो की हॅरिसला खालून अधिक सरळ वाजवावं लागतं. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात मृदंगवाले काका बदलले तेव्हा तेच अभंग जड वाटायला लागले होते, आणि वर्षभराने त्याच जडपणात मंडळाला नवा रंग चढला होता. तसंच काहीसं 1982 ते 1983 मध्ये मेडनचं झालं. गाण्यांची चाल थोडी भारदस्त झाली, आणि मोठ्या मैदानांना तीच चाल पेलते.

हे त्याच्याशी बोलता बोलता माझं मला उमगलं की मी नव्या ड्रमरकडून जुन्याच्या जागा मागत होते. 'द ट्रूपर' वाजवताना मी पहिल्यांदा मागे रेलणं सोडलं आणि त्याच्या टोकावर गेले. घोडदौड जागेवर आली. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, बाकीच्या तिघांना पाठवलं. आमच्या गायकाने तासाभरात फोन केला, पुढच्या रविवारी सगळे येतोय म्हणून.

तिथून पुढचे अल्बम आम्ही पाच जणांनी मिळून घेतले. 1983 ते 1988, चार अल्बम, एकच लाइनअप: डिकिन्सन, मरे, स्मिथ, हॅरिस, मॅकब्रेन. 'पॉवरस्लेव्ह'नंतरचा दौरा ऑगस्ट 1984 ते जुलै 1985 असा जवळपास वर्षभर चालला, पोलंड-हंगेरीसारख्या तेव्हाच्या लोखंडी पडद्यामागच्या देशांतही ते पूर्ण स्टेजसकट गेले. मेडनचा खरा चढ हाच. यावर मी जास्त लिहीत नाही, कारण स्थिर बँडबद्दल सांगण्यासारखं वाजवण्यातच असतं.

1990 मध्ये स्मिथ गेला, यानिक गर्स आला. 1993 मध्ये डिकिन्सन गेला. त्यानंतरच्या दोन अल्बमवर आमच्यात वाद झाला. गिटारवाले म्हणाले, ही पाच वर्षं सोडून देऊ, सरळ 2000 वर जाऊ. मेडनचे बरेच चाहते तेच करतात. मी ऐकलं नाही.

ब्लेझ बेली हा वुल्फ्सबेन नावाच्या बँडमधून 1994 मध्ये आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीचा, जाड. बँडने त्याच्यासाठी गिटारींचा सूर खाली उतरवला नाही. मैफलीत त्याला रोज डिकिन्सनच्या उंचीवरची गाणी म्हणावी लागायची. एवढं ओझं घेऊन तो उभा राहिला. अमेरिकेत तेव्हा मोठी मैदानं मिळत नव्हती, लहान क्लबांत वाजवावं लागायचं, आणि त्याचं सगळं खापर गायकावर फुटलं. पण 1995चा 'द एक्स फॅक्टर' बेसवाल्याच्या कानाने ऐका. त्यातली किती गाणी एकट्या बेसच्या हलक्या सुरांनी सुरू होतात! हॅरिसच्या आयुष्यातला तो कठीण काळ होता, संसार मोडत होता, आणि तो अंधार त्या अल्बमवर उतरलेला आहे. ब्लेझचा आवाज त्या अंधाराचाच आवाज आहे. 'साइन ऑफ द क्रॉस' अकरा मिनिटांचं. आमच्या गायकाची पट्टीही खालची, त्याने ते म्हटलं तेव्हा गिटारवाल्यांचा वाद संपला. 1998 मधलं 'द क्लॅन्समन' तर बेसच्याच सुरावटीवर उभं आहे. डिकिन्सन परत आल्यावरही मेडनने ही दोन्ही गाणी ठेवली. 2001 मध्ये रिओत प्रचंड गर्दीसमोर ती म्हटली, त्या मैफलीच्या रेकॉर्डवर दोन्ही आहेत. जाणाऱ्या माणसाने बँडला काय दिलं, ते पुढच्या माणसाच्या तोंडून ऐकू येतं.

1999 मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. सगळ्यांना वाटलं, आता गर्स जाणार. तो गेला नाही. तीन गिटारवाले ठेवले. कुणाला काढून जागा करण्याऐवजी त्यांनी स्टेजवर एक जागा वाढवली, आणि तो सहा जणांचा बँड 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासून 2021च्या 'सेन्जुत्सु'पर्यंत सहा अल्बम तसाच राहिला. जो बँड सुरुवातीच्या चार वर्षांत माणसं टिकवू शकत नव्हता, तोच पुढे पंचवीस वर्षं एकाही बदलाशिवाय चालला.

त्या सहा जणांना मी पाहिलं आहे. 2007च्या मार्चमध्ये ते भारतात पहिल्यांदा बंगळुरूला आले तेव्हा जमलं नव्हतं. 1 फेब्रुवारी 2008ला मुंबईत बीकेसीला मात्र मी होते. तो जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम होता. दौऱ्यासाठीच्या खास बोइंग 757 मधून ते मुंबईत उतरले होते आणि विमान डिकिन्सनने चालवलं होतं. आम्ही पुण्याहून सकाळच्या गाडीने गेलो. कुणी नागपूरचं, कुणी कोल्हापूरचं, ईशान्येतून दोन दोन दिवस प्रवास करून आलेली मुलं, सगळे काळ्या टीशर्टात. माझी नजर हॅरिसवर आणि त्याच्या मागे ड्रमसेटमध्ये जवळजवळ बुडालेल्या निकोवर. गाण्याच्या शेवटी हॅरिस वळून त्याच्याकडे पाहायचा आणि दोघं एकत्र थांबायचे. इतक्या वर्षांनीही वळून पाहायचा. त्या एका गोष्टीवर माझं पुढचं सगळं बेस वाजवणं उभं आहे.

जानेवारी 2023 मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. सत्तरी गाठलेली असताना तो परत शिकला आणि त्याच वर्षी मे महिन्यात दौऱ्यावर उभा राहिला. अवघड फिल त्याला सोपे करावे लागले. तरी दीड वर्ष वाजवला. 7 डिसेंबर 2024ला साओ पाउलोत त्याने दौऱ्यांचा निरोप घेतला. त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्येच डिआनो वारला होता.

निकोच्या जागी सायमन डॉसन आला. हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमध्ये तो आधीपासून वाजवत होता, म्हणजे ती बोटं आणि तो पाय एकमेकांना ओळखत होते. मे 2025 मध्ये बुडापेस्टला पन्नासाव्या वर्षाचा दौरा सुरू झाला. गाणी फक्त 1980 ते 1992 मधली, आणि पहिली चार तर 1980-81ची, म्हणजे सगळी क्लाइव्ह बरच्या काळातली.

आमच्या ड्रमरने हे पाहिल्या पाहिल्या मला फोन केला. तो तासभर फक्त डॉसनच्या स्नेअरबद्दल बोलला: कुठे निकोसारखं वाजवतो, कुठे बरकडे जातो, कुठे स्वतःचं करतो. मग म्हणाला, आपल्या पुढच्या गिगला सुरुवात 'रॅथचाइल्ड'ने करू, बर वाजवायचा त्या वेगात, आणि दुसरं पेडल मी घरीच ठेवून येतो. मी बाकीच्यांना विचारलं. गिटारवाल्यांना 'द ट्रूपर' आधी हवं आहे, गायक 'साइन ऑफ द क्रॉस'वर अडून बसला आहे. यादी अजून ठरायची आहे, पण पहिलं गाणं ड्रमर म्हणतो तेच राहील, एवढं मी सांगून टाकलं आहे.